कुलचिन्हे, राजमुद्रा व बिरुदे : मराठी प्रदेशातील

कुलचिन्हे, राजमुद्रा व बिरुदे : एखाद्या घराण्याची, राजसत्तेची वा संस्थेची ओळख पटविण्यासाठी परंपरेने धारण केलेली व वंशपरंपरेने चालत आलेली चिन्हे. यूरोपात ही चिन्हे प्रामुख्याने ढालीवर काढली जात. भारतात ती ध्वज, मुद्रा, नाणी, ताम्रपट व बिरुदावली यांत विखुरलेली आढळतात. त्यामुळे यूरोपीय कुलचिन्हशास्त्राचे नियम भारतीय सामग्रीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तथापि चिन्ह कोणाचे, ते केव्हापासून वापरात आले आणि ते धारण करण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. वतनाचे हक्क, गादीचा वारसा व कागदपत्रांचा खरेखोटेपणा या गोष्टी त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असत.

यूरोपीय पद्धती : यूरोपात कुलचिन्हांची पद्धत बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाली. चेहरा झाकणाऱ्या शिरस्त्राणामुळे योद्धा ओळखणे कठीण होई. त्यामुळे ढालीवर व अंगरख्यावर ठळक चिन्ह काढण्याची गरज निर्माण झाली, असे सामान्यतः मानले जाते. वैयक्तिक मोहरांचा वाढता वापर व सरंजामशाहीतील वंशपरंपरागत हक्क ही त्याची आणखी दोन कारणे होत. आंझूचा जेफ्री याचे ल मां येथील मीनाकामातील चित्र हा या पद्धतीचा एक जुना व प्रसिद्ध नमुना आहे. त्यात त्याच्या निळ्या ढालीवर सोनेरी सिंह दाखविलेले आहेत.

या शास्त्रात रंगांची संख्या मर्यादित असते. सोनेरी व रुपेरी हे दोन ‘धातू’, तांबडा, निळा, काळा, हिरवा व जांभळा हे प्रमुख ‘रंग’ आणि काही ‘लोमचर्मे’ असे त्यांचे वर्ग केले जातात. धातूवर धातू व रंगावर रंग ठेवू नये, हा त्याचा मूलभूत नियम होय. दुरून चिन्ह स्पष्ट दिसावे, हे या नियमामागील प्रयोजन आहे. ढालीच्या क्षेत्रावर उभा, आडवा वा तिरपा पट्टा, क्रूस, कोनपट्टा यांसारख्या भौमितिक आकृत्या अथवा प्राणी, पक्षी, वनस्पती, शस्त्रे इत्यादींची चित्रे काढतात. उजवी व डावी बाजू ढाल धारण करणाऱ्याच्या दृष्टीने ठरविली जाते. त्यामुळे पाहणाऱ्याला जी बाजू डावी दिसते, ती या शास्त्रात उजवी मानतात. चिन्हाचे वर्णन ठराविक क्रमाने व ठराविक परिभाषेत केले जाते. प्रथम क्षेत्राचा रंग, नंतर मुख्य आकृती व शेवटी गौण चिन्हे सांगितली जातात. असे वर्णन काटेकोर असल्यास मूळ चित्र न पाहताही चित्रकाराला ते चिन्ह पुन्हा काढता येते.

मोहरांवर व शिळांवर रंग नसतात. ही अडचण दूर करण्यासाठी रेषांच्या साहाय्याने रंग दर्शविण्याची पद्धत सतराव्या शतकात रूढ झाली. सिल्व्हेस्तर पेत्रा सांक्ता या जेझुइट लेखकाच्या १६३८ मधील ग्रंथामुळे ती सर्वत्र परिचित झाली. तीनुसार ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी, उभ्या रेषा म्हणजे तांबडा, आडव्या रेषा म्हणजे निळा, एकमेकींना छेदणाऱ्या उभ्या-आडव्या रेषा म्हणजे काळा आणि तिरप्या रेषा म्हणजे हिरवा रंग समजला जातो.

वर्गीकरणाचे दोन मार्ग : कुलचिन्हांच्या संग्रहांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात घराण्यांची नावे वर्णानुक्रमाने देऊन प्रत्येकापुढे त्याचे चिन्ह सांगितलेले असते. रीत्स्ताप याच्या आर्मोरियल जनराल या एक लाखाहून अधिक चिन्हे नोंदविणाऱ्या ग्रंथाची रचना अशी आहे (दुसरी आवृत्ती १८८४–८७). दुसऱ्या प्रकारात चिन्हावरून घराणे शोधता येते. त्यातील नोंदी सिंह, गरुड, पट्टा, क्रूस अशा आकृत्यांनुसार लावलेल्या असतात. ब्रिटिश चिन्हांविषयीचा पॅपवर्थ याचा १८७४ मधील कोश हा या प्रकारचा आहे. नाव माहीत असून चिन्ह हवे असेल, तर पहिला प्रकार उपयोगी पडतो; निनावी मोहर वा थडगे समोर असेल, तेव्हा दुसऱ्याचा आधार घ्यावा लागतो. इतिहाससंशोधकाला बहुधा दुसऱ्या प्रकारची गरज असते.

एकच चिन्ह दोन घराण्यांनी वापरल्यास त्यातून तंटे उद्‌भवत. निळ्या क्षेत्रावर सोनेरी तिरपा पट्टा या चिन्हावरून इंग्लंडमधील स्क्रोप व ग्रॉव्हनर या घराण्यांत १३८५ मध्ये सुरू झालेला वाद १३९० मध्ये स्क्रोपच्या बाजूने निकालात निघाला. त्यात कवी जेफ्री चॉसर याचीही साक्ष झाली होती. इंग्लंडमध्ये अशा बाबींची नोंद ठेवणारी ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था १४८४ मध्ये स्थापन झाली. यूरोपबाहेर या पद्धतीला जवळची अशी परंपरा जपानमधील ‘कामोन’ चिन्हांची होय. तेथील सम्राटाचे शेवंतीचे फूल व तोकुगावा घराण्याची तीन पाने ही त्यांपैकी सुप्रसिद्ध आहेत.

प्राचीन दख्खनमधील लांछन व ध्वज : दख्खनमधील प्राचीन व मध्ययुगीन राजवंशांना एकाहून अधिक चिन्हे असत. ताम्रपटाच्या मुद्रेवर व नाण्यांवर येणारे ते ‘लांछन’ आणि निशाणावर येणारा तो ‘ध्वज’, असा भेद त्यांच्या प्रशस्तींत केलेला आढळतो. गोव्याच्या व हनगलच्या कदंबांचे लांछन सिंह असून त्यांचा ध्वज वानराचा होता. सिंद घराण्याचे लांछन व्याघ्र, तर ध्वज नागाचा होता. बादामीच्या चालुक्यांचे वराहलांछन प्रसिद्ध आहे. दक्षिणेत पांड्यांचा मत्स्य, चेरांचे धनुष्य व चोळांचा व्याघ्र ही चिन्हे प्रचलित होती. चोळांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवर व्याघ्राबरोबर मत्स्य व धनुष्यही दाखविलेले असते. जिंकलेल्या सत्तांची चिन्हे आपल्या चिन्हात सामावून घेण्याची ही रीत, ढालीचे चार भाग करून त्यांत निरनिराळ्या घराण्यांची चिन्हे एकत्र आणण्याच्या यूरोपीय पद्धतीशी तुलना करण्याजोगी आहे.

गरुड या चिन्हाच्या बाबतीत ओळखीचा प्रश्न विशेष बिकट होतो. गुप्त, राष्ट्रकूट, माळव्याचे परमार, शिलाहार व देवगिरीचे यादव या सर्वांनी गरुडचिन्ह धारण केले होते. कोल्हापूरच्या शिलाहार शाखेतील दुसऱ्या भोजाचे राज्य यादव राजा सिंघण याने तेराव्या शतकाच्या आरंभी जिंकून घेतले. परंतु जेता व जित या दोघांचेही बिरुद ‘सुवर्णगरुडध्वज’ असेच होते. अशा वेळी केवळ गरुडाच्या आकृतीवरून मुद्रेचा वंश ठरविणे धोक्याचे असते. परमारांच्या गरुडाच्या हातात नाग असतो, तो तपशील उपयोगी पडतो. त्याहूनही निर्णायक ठरतात ती मूलस्थान सांगणारी बिरुदे. शिलाहार स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, यादव ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’, सौंदत्तीचे रट्ट ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ आणि कदंब ‘बनवासीपुरवराधीश्वर’ असे बिरुद लावीत. लांछन, ध्वज, मूलस्थान, कुलदेवतेचा वरप्रसाद व मानाचे वाद्य यांचा प्रशस्तीतील ठराविक समुच्चय हेच येथील चिन्हवर्णन होय. शिलाहारांच्या कोरीव लेखांचा वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला संग्रह १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला; या प्रकारच्या अभ्यासास त्याचा फार उपयोग होतो.

किल्ल्यांच्या दरवाजांवरील शरभ, गंडभेरुंड व हत्ती यांची शिल्पे हा आणखी एक वर्ग होय. ही शिल्पे सत्तादर्शक असली, तरी एकच आकृती एकापाठोपाठ आलेल्या अनेक सत्तांनी वापरलेली आहे. तसेच जुने शिल्प नव्या बांधकामात बसविल्याची शक्यताही असते. म्हणून शिल्पावरून दरवाजाचा कर्ता ठरविताना बांधकामाची शैली व शिलालेख यांचा आधार घेणे आवश्यक असते.

देवक व कुल : मराठा व इतर अनेक जातींत विवाहप्रसंगी पूजिले जाणारे ‘देवक’ हे कुलाची ओळख सांगणारे चिन्ह आहे. कळंबाची फांदी, मोराचे पीस, पंचपल्लव इ. देवके प्रसिद्ध आहेत. ज्यांचे देवक एक, त्यांच्यात सोयरीक होत नाही. देवक वंशपरंपरेने चालते, त्यामुळे ते कुलचिन्हासारखे वाटते. परंतु ते रणांगणावर मिरविण्याचे चिन्ह नाही आणि ते राजाने बहाल केलेले नसते. त्याचे स्थान देवघरात व लग्नमांडवात आहे. देवकाला ढालीवरील चिन्ह समजणे ही वर्गीकरणातील चूक ठरते.

आडनावही कुलाचा निश्चित पुरावा होत नाही. घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केल्याच्या आख्यायिकेवरून घोरपडे हे नाव आल्याचे मुधोळ घराण्याची परंपरा सांगते. कापशीचे घोरपडे हे सेनापती संताजी घोरपडे यांच्या घराण्यातील होत. इचलकरंजीच्या संस्थानिकांचे मूळ आडनाव मात्र जोशी होते. संताजींच्या आश्रयाबद्दल कृतज्ञता म्हणून नारो महादेव यांनी घोरपडे हे नाव धारण केले. अशा रीतीने एकाच जिल्ह्यात एकच आडनाव दोन भिन्न कुलांकडे आले.

नेसरी व रणांगणावरील ओळख : कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी येथे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी शिवाजी महाराजांचे सरनोबत प्रतापराव गुजर हे विजापूरचा सरदार बहलोलखान याच्या सैन्याशी लढताना मारले गेले. उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या बहलोलखानास त्यांनी १६७३ मध्ये सोडून दिले होते व त्याबद्दल महाराजांनी त्यांना दोष दिला होता. मुख्य सैन्याची वाट न पाहता केवळ सहा स्वारांनिशी ते शत्रूवर तुटून पडले, असे समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारावरून दिसते. या प्रसंगाचे स्मारक नेसरीच्या खिंडीत आहे.

कुलचिन्हांच्या अभ्यासाच्या दृष्टीने या प्रसंगातील एक बाब लक्षणीय आहे. १४१५ मध्ये ॲझिनकोर्टच्या लढाईनंतर दोन्ही पक्षांच्या चिन्हाधिकाऱ्यांनी मृत सरदारांची ओळख त्यांच्या अंगरख्यांवरील चिन्हांवरून पटविली आणि त्यांच्या नोंदी केल्या. दख्खनी स्वाराच्या अंगावर असे कोणतेही कुलचिन्ह नसे. त्याची ढाल गोल व बहुधा चामड्याची असे. तिच्यावर फुल्या, चंद्र-सूर्य यांसारखी शोभेची कामे असत, परंतु ती घराण्याची खूण नव्हती. चेहरा बहुधा उघडा असल्याने माणूस तोंडावरून, घोड्यावरून वा आवाजावरून ओळखला जाई, तर पथक निशाण व नौबत यांवरून ओळखले जाई. चेहरे ओळखणारी माणसे गेली, की अशी ओळखही लोपते. प्रतापरावांबरोबर पडलेल्या सहा स्वारांची नावे आज परंपरेने सांगितली जातात. तथापि १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीत प्रतापरावांच्या मृत्यूचा वृत्तांत असला, तरी त्या सहांची नावे आलेली नाहीत. सहा हा आकडा समकालीन नोंदीत टिकून राहिला. नावांना मात्र तेवढा जुना आधार देता येत नाही. या सहा जणांच्या पराक्रमास त्यामुळे उणेपणा येत नाही. पण परंपरा व पुरावा यांत फरक करणे येथे अगत्याचे ठरते.

मराठी राज्यात वीराच्या मानाची खूण ढालीवर न राहता नावात राहिली. प्रतापरावांचे मूळ नाव कुडतोजी. ‘प्रतापराव’ हा किताब होता. त्यांच्यामागून सरनोबत झालेल्या हंसाजी मोहिते यांना ‘हंबीरराव’ हा किताब मिळाला. काही किताब व्यक्तीपुरते, तर काही घराण्याला वंशपरंपरेने असत. एकच किताब दोन गाद्यांकडूनही दिलेला आढळतो. ‘सेनाखासखेल’ हे बडोद्याच्या गायकवाडांचे बिरुद होते. कोल्हापूर गादीच्या पदरी असलेल्या तोरगलच्या शिंदे घराण्याचेही तेच बिरुद होते. अशा वेळी किताब कोणत्या गादीचा, हे पाहिल्याशिवाय घराणे ठरत नाही.

निशाणे व मानचिन्हे : भगवा झेंडा व जरीपटका ही मराठी राज्याची प्रमुख निशाणे होत. जरीपटका हे छत्रपतींकडून मिळणारे मानाचे निशाण असून पेशव्यांच्या काळात ते हुजुरातीच्या फौजेबरोबर चाले. छत्र, चवऱ्या, मोर्चेल, अबदागीर, नौबत व पालखी यांचा मान सनदेने मिळे. मोगल दरबारातून मिळणारा माहीमरातब हा मत्स्याकृती चिन्हाचा मान फार मोठा समजला जाई. महादजी शिंदे यांनी १७९२ मध्ये पुण्यात पेशव्यांना वकील-इ-मुतलकपदाची वस्त्रे व मानचिन्हे समारंभपूर्वक अर्पण केली. ही चिन्हे पदाबरोबर येत असल्यामुळे ती कुलापेक्षा अधिकाराची निदर्शक आहेत.

मुद्रा : मराठी कागदपत्रांत ओळखीचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे मुद्रा. शहाजी राजे व जिजाबाई यांच्या मुद्रा फार्सी वळणाच्या होत्या. शिवाजी महाराजांनी मात्र अष्टकोनी संस्कृत मुद्रा स्वीकारली. ही मुद्रा असलेले २८ जानेवारी १६४६ चे रांझे येथील पाटलासंबंधीचे पत्र प्रसिद्ध आहे. कागदाच्या आरंभी मुद्रा व अखेरीस मजकूर संपल्याचे दर्शविणारे मोर्तब, अशी पद्धत होती. मोर्तबामुळे मागाहून ओळी वाढविण्यास प्रतिबंध होई. पेशव्यांच्या मुद्रेत प्रथम छत्रपतींचे व नंतर पेशव्याचे नाव ‘मुख्य प्रधान’ या पदासह येई. त्यामुळे कागदावर तारीख नसली, तरी त्याचा काळ दोन कारकीर्दींच्या मर्यादेत बसविता येतो.

सातारा व कोल्हापूर या दोन गाद्या झाल्यानंतर मुद्रांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. दोन्ही गाद्यांची हद्द १७३१ च्या वारणेच्या तहाने निश्चित झाली. परंतु नावांची पुनरावृत्ती चालूच राहिली. छत्रपती संभाजी (कार. १६८०–८९) व कोल्हापूरचे संभाजी (कार. १७१४–६०), साताऱ्याचे शाहू (कार. १७०७–४९) व कोल्हापूरचे शाहू (कार. १८९४–१९२२) अशी उदाहरणे आहेत. शिवाजी हे नाव तर कोल्हापूरच्या गादीवर अनेकदा आले. इनाम वा वतन कोणत्या राजाने दिले, यावर त्याची प्राचीनता व म्हणून हक्काची बळकटी ठरे. त्यामुळे नावाच्या साम्याचा फायदा घेणारे व सर्वस्वी बनावट असे कागदही तयार झाले. केवळ मुद्रेतील नाव वाचून कागदाचा काळ ठरविता येत नाही, तो यामुळेच.

संस्थानांची यूरोपीय धर्तीची चिन्हे : १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली येथे भरलेल्या दरबारात व्हाइसरॉय लिटन याने संस्थानिकांना ढालीच्या आकृतीचे रेशमी ध्वज दिले. त्यांवरील चिन्हे रॉबर्ट टेलर या मुलकी अधिकाऱ्याने यूरोपीय धर्तीवर तयार केली होती. ड्यूक ऑफ एडिंबरो व प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या भेटींच्या निमित्ताने त्याने आधी काही चिन्हे आखली होती. या दरबारासाठी आणखी सु. ८० तयार करण्यात आली. त्यांचा त्याने केलेला संग्रह १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी अल्पवयीन शिवाजी महाराज (कार. १८७१–८३) होते.

या चिन्हांत दोन थर वेगळे करावे लागतात. ढालीची आकृती, दोन्ही बाजूंचे आधारप्राणी, शिरस्त्राण व ब्रीदवाक्याची पट्टी हा आराखडा यूरोपीय व एकोणिसाव्या शतकातील आहे. त्यात भरलेली सामग्री मात्र पुष्कळदा जुनी व देशी आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा नाग व सूर्य, इंदूरच्या होळकरांचा सूर्य व नंदी, बडोद्याच्या गायकवाडांची तलवार ही चिन्हे त्यांच्या नाण्यांवरही आढळतात. ‘जिन घर जिन तख्त’ हे गायकवाडांचे ब्रीद घोडेस्वारीच्या जीवनाचे द्योतक आहे. म्हणून एखादे संस्थानी चिन्ह शिवकालीन आहे असे सरसकट म्हणणे जसे चुकीचे, तसेच ते केवळ इंग्रजांनी दिलेले आहे असे म्हणणेही अपुरे ठरते.

अस्सल यूरोपीय कुलचिन्हे मराठी प्रदेशालगत पाहावयाची असल्यास पोर्तुगीज अवशेषांकडे वळावे लागते. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या जमिनीत कुलचिन्हे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतलेल्या वसईच्या किल्ल्यातही कोरीव चिन्हे आढळतात. मध्ये पाच लहान ढाली व सभोवती किल्ल्यांची किनार असल्यास ते पोर्तुगालचे राजचिन्ह होय. अन्य आकृती असल्यास ते व्हाइसरॉयचे वा खाजगी घराण्याचे असण्याचा संभव असतो.

अभ्यासपद्धती : वरील विवेचनावरून ओळख व वर्गीकरण यांचा क्रम असा सांगता येईल. प्रथम चिन्ह कशावर आहे—मुद्रा, नाणे, निशाण, शिल्प की संस्थानी कागद—हे नोंदवावे. नंतर ते कुलाचे, पदाचे, राज्याचे की देवतेचे, हे ठरवावे. तिसऱ्या टप्प्यात आकृती, लिपी व मजकूर यांचे तटस्थ वर्णन करावे. ओळख पटविण्याआधीच वर्णनात नाव घालू नये. त्यानंतर त्याच आकृतीच्या इतर धारकांशी तुलना करून भेददर्शक तपशील शोधावा. शेवटी राज्याभिषेक शक वा इतर कालगणना, हस्ताक्षर, कागद व मोर्तब यांच्याशी ताळा जुळवावा. कोल्हापूर येथील पुराभिलेखागार व पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) यांच्या संग्रहांत अशा तुलनेसाठी विपुल सामग्री आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहशीर्ष हे भारताचे राजचिन्ह म्हणून स्वीकारण्यात आले. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी व विद्याविषयक सन्मान वगळता किताब देणे बंद झाले, तर १९७१ मधील सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची शासकीय मान्यता संपुष्टात आली. राजचिन्हाच्या गैरवापरास आळा घालणारा कायदा २००५ मध्ये झाला. जुन्या चिन्हांचा अधिकार अशा रीतीने लोपला असला, तरी त्यांचा प्रभाव टिकून आहे. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेतील संस्कृत वचन शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेले आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने स्वीकारलेल्या निशाणातील अष्टकोनही त्याच मुद्रेवरून प्रेरित आहे. घराण्याची वा राजाची खूण लोकराज्याची खूण होते, तेव्हा तिचा धारक बदलतो. तिच्या मूळ धारकाची व काळाची नोंद अचूक ठेवणे, हे या शास्त्राचे आजचे प्रयोजन होय.